इंदूरचा रविवारचा 'सोशल टीचिंग' कोर्स: पगाराच्या प्रश्नासाठी तरी नक्की करा

इंदूरमध्ये कॅथलिक चर्चच्या एका सेंटरमध्ये रविवारी दुपारी एक कोर्स चालतो. मजुरी, मालमत्ता, सरकार, पर्यावरण, युद्ध या सगळ्यावर पोप लोकांनी गेल्या सव्वाशेहून जास्त वर्षांत जे लिहून ठेवलंय ते आजच्या राजकारणाला आणि रोजच्या जगण्याला लावून बघायचं, असा विषय. मी नुकताच पूर्ण केला. राजेंद्र नगर, सुदामा नगरकडच्या बऱ्याच ओळखीच्यांनी विचारलं की तिथे नेमकं असतं काय, आपल्यासारख्यांनी जावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी जो प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात त्याचं उत्तर. धर्मांतराचं काहीही नाही. बॅचमध्ये बरेच जण हिंदू होते, दोघे-तिघे जैन, एक मुस्लिम वकील ताई, आणि पहिल्याच दिवशी फादरांनी स्पष्ट सांगितलं की हा अभ्यासाचा वर्ग आहे, श्रद्धेचा नाही, सुरुवातीला प्रार्थना होते तेव्हा ज्याला बाहेर थांबायचं त्याने खुशाल थांबावं. आपल्याकडे मध्य प्रदेशात धर्मांतराविरुद्धचा २०२१ चा कायदा आहे त्यामुळे ते लोक उलट जास्तच जपून असतात, इतके की कधीकधी मलाच वाटायचं अरे मोकळं बोला ना. असो. फी नाममात्र, चहा-पोहे त्यातच, पोह्यांवर शेव आणि जीरावण भरपूर. पार्किंगला जागा आहे, हॉलमध्ये पंखे आहेत पण मागच्या रांगेत माईकचा आवाज नीट येत नाही, पुढे बसा. नोट्स हिंदीत आणि इंग्रजीत मिळतात.

आता मुख्य गोष्ट. सुरुवात होते १८९१ पासून. त्या वर्षी १५ मे ला पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' नावाचं पत्र काढलं. युरोपात कारखाने धडाक्यात चालले होते, बायका-पोरंसुद्धा राबत होती, मालक म्हणत होते करार झालाय ना मग तक्रार कसली, आणि समोरून समाजवादी म्हणत होते खासगी मालमत्ताच नको. पोपनी दोघांनाही नाही म्हटलं. मालमत्ता असू दे, पण मजुराला संघटना बांधायचा हक्क आहे, त्याला आठवड्याची सुट्टी हवी, आणि सरकारने गरिबाकडे जास्त लक्ष द्यायला हवं कारण श्रीमंताकडे स्वतःला सांभाळायची साधनं असतात, गरिबाकडे नसतात. आणि ज्या एका मुद्द्यावर आमचा अख्खा रविवार गेला तो हा की मजुराने हो म्हटलं एवढ्यावर मजुरी न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी, किंवा हे नाही घेतलं तर याहून वाईट होईल या भीतीपोटी त्याने कमी पैशाला होकार दिला असेल तर ती त्याच्यावर झालेली जबरदस्ती आहे. मजुरी एवढी पाहिजे की साधेपणाने राहणाऱ्या माणसाचं भागेल.

ऐकायला सोपं वाटतं. मग शिकवणाऱ्या सिस्टरांनी, म्हणजे ननने, प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. म्हणाल्या नाव लिहू नका, फक्त तुमच्या घरी जी बाई कामाला येते तिच्याबद्दल लिहा: पगार किती, शेवटचा कधी वाढवला, महिन्याला छुट्ट्या किती, आजारी पडली तर पैसे कापता का, तिचा चहाचा कप वेगळा आहे का. कागद घड्या करून एका डब्यात टाकले आणि मग एकेक उघडून वाचले. हॉलमध्ये चिडीचूप. एका कागदावर 'शेवटचा कधी वाढवला' च्या पुढे लिहिलेलं होतं, 'तिने मागितला नाही'. सिस्टर काहीच बोलल्या नाहीत, तो कागद हातात तसाच धरला आणि १८९१ चा तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचून दाखवला. मग एक काका म्हणाले की अहो पण ती समाधानी आहे, दहा वर्षं झाली आमच्याकडे, घरच्यासारखी आहे. त्यावर ती वकील ताई एवढंच म्हणाली की काका, घरच्यासारखी आहे तर दिवाळीला तिची छुट्टी कधी असते? कोणी आवाज चढवला नाही पण पुढचा अर्धा तास जी चर्चा झाली ना तशी मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी ऐकलेली नाही. नंतर सिस्टरांनी सांगितलं की घरकाम करणाऱ्यांसाठी आयएलओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं, कन्व्हेन्शन १८९ आहे, २०११ चं, त्यात आठवड्याची सुट्टी, कामाचे तास, सगळं आहे, भारताने ते अजून स्वीकारलेलं नाही.

मला या कोर्सचं सगळ्यात जास्त काय आवडलं तर हेच. राजकारण म्हटलं की आपण लगेच दिल्ली-भोपाळ सुरू करतो, कोण जिंकणार, कोण चोर. इथे राजकारण सुरू होतं ते तुम्ही स्वतः ज्याला पैसे देता त्या माणसापासून, आणि तिथून मग ते वर कायद्यापर्यंत नेतात.

पुढच्या रविवारी एक डिलिव्हरीचं काम करणारा मुलगा बोलवला होता, कंपनीचा टी-शर्ट घालूनच आला कारण नंतर लगेच ड्युटी. त्याने मोबाईलवर कमाईचा स्क्रीन दाखवला, तो जो मोठा आकडा दिसतो त्यातून पेट्रोल जायचं, गाडीचा हप्ता जायचा, डेटा पॅक जायचा, चेन-स्प्रॉकेट घासली की तो खर्च त्याचाच. दुकानाबाहेर ऑर्डरची वाट बघत उभं राहिल्याचे काही नाही. रेट बदलला तर सकाळी ॲप उघडल्यावर कळतं, सांगणारं कोणी नाही, भांडायला समोर माणूसच नाही. आणि कायद्याने बघितलं तर त्याने स्वतःच्या बोटाने 'ॲक्सेप्ट' दाबलंय, म्हणजे सगळं त्याच्या मर्जीने! इथे फादरांनी १८९१ ची ती होकाराची गोष्ट पुन्हा काढली आणि मग मला खरं कळलं की मागच्या रविवारी एवढा वेळ त्या एका मुद्द्यावर का घालवला होता.

मग १९८१ चं पोप जॉन पॉल दुसरे यांचं श्रमावरचं पत्र, 'लाबोरेम एक्झर्सेन्स'. त्यात एक कल्पना आहे 'इनडायरेक्ट एम्प्लॉयर' ची, म्हणजे पगार देणारा मालक एक, पण तो तसा का वागतो हे ज्या व्यवस्थेने ठरतं, सरकारची धोरणं, बाजाराचे नियम, इतर संस्था, तेही अप्रत्यक्ष मालकच, त्यांचीही जबाबदारी आहे. फादरांनी स्वतःहून ते थोडं पुढे नेऊन ग्राहकालाही त्यात बसवलं. दहा मिनिटांत कोथिंबीर हवी असा हट्ट धरणारे आपण सगळे. हे पोपच्या पत्रात असं लिहिलेलं नाही, हा त्यांचा स्वतःचा अर्थ आहे हेही त्यांनी सांगितलं, मला तो प्रामाणिकपणा आवडला. कायद्याची माहितीही अपडेटेड होती: २०२० च्या सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गिग कामगार, म्हणजे असे ॲपवरून काम घेणारे, पहिल्यांदा देशाच्या कायद्यात आले, ते २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालं, ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यायची पण कामगारांना जेवढं देणं असतं त्याच्या ५ टक्क्यांच्या वर नाही. निधी विमा वगैरेसाठी. रोजचा रेट किती असावा हा प्रश्न त्यात तसाच राहतो.

सुट्टीची चर्चा चालली होती तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी नारायण मेघाजी लोखंड्यांचा विषय काढला आणि मला इतकं बरं वाटलं. फुल्यांचे सहकारी लोखंडे, १८८४ ला मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली, म्हणजे रोमहून पत्र निघायच्या जवळजवळ एक वर्ष आधी! रविवार खंडोबाचा वार हेही कारण त्यांच्या मागणीत होतं असं सांगतात. फादरांना हे माहीत नव्हतं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. आणि तो डिलिव्हरीवाला मुलगा म्हणाला, सर, रविवारी तर सगळ्यात जास्त ऑर्डर असतात, रविवारी लॉगिन नाही केलं तर इन्सेंटिव्ह जातो. खंडोबाचा रविवार, चर्चचा रविवार, आणि या पोराला कोणताच नाही.

सिस्टर राणी मारिया यांच्यावरचं सत्र तर चुकवूच नका. मूळच्या केरळच्या, १९९२ पासून आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात उदयनगरला होत्या, तिथे आदिवासी आणि भूमिहीन लोकांचे बचत गट बांधायच्या, सरकारी योजना आणि बँकेचं कर्ज मिळवून द्यायच्या म्हणजे सावकाराकडे जायला नको. ज्यांचं व्याज बुडालं त्यांना ते सहन झालं नाही. २५ फेब्रुवारी १९९५, उदयनगरहून इंदूरकडे येणारी बस, नाचनबोरजवळ भर प्रवाशांसमोर चाकूने मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच त्यांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्याचा मोठा सोहळा झाला. मारणारा समुंदर सिंह, त्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, २००२ मध्ये जेलमध्ये जाऊन राखी बांधली, घरच्यांनी माफ केलं, २००६ ला तो सुटला. बहुतेक लोकांना ही माफीची गोष्ट माहीत असते आणि ती मोठीच आहे, पण या कोर्समध्ये त्यांनी जोर दिला तो आधीच्या भागावर, की त्यांना मारलं का. कर्जाचा व्याजदर हा प्रश्न कोणीतरी हातात घेतला म्हणून. इंदूरपासून काही तासांवर घडलेलं आहे हे आणि आपल्या मराठी मंडळींत किती जणांना माहीत आहे?

पोप पायस अकरावे यांचं १९३१ चं पत्र थोडं कोरडं आहे पण कामाचं आहे. मुसोलिनीच्या इटलीत बसून लिहिलेलं, म्हणणं असं की खालच्या पातळीवर लोकांना जे जमतं ते वरच्याने काढून घेऊ नये, वरच्याने मदत करावी. याला फादरांनी पेसा कायदा जोडला, १९९६ चा, ज्यात आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार आहेत, मध्य प्रदेशने त्याचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ ला लागू केले. म्हणजे कायदा आल्यावर नियम यायला सव्वीस वर्षं! झाबुआकडचे एक शिक्षक बॅचमध्ये होते ते ग्रामसभेचं प्रत्यक्षात काय होतं ते सांगत होते, रजिस्टरवर अंगठे आधी होतात आणि सभा नंतर. हे सत्र त्यांनाच घ्यायला दिलं असतं तर जास्त रंगलं असतं.

बीआरटीएसवरून, म्हणजे इंदूरच्या बससाठी राखलेल्या लेनवरून, मात्र जोरदार जुंपली. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, सुमारे साडेअकरा किलोमीटर, २०१३ पासून आयबस त्या वेगळ्या लेनमधून धावत होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने कॉरिडॉर काढायचं ठरलं. अर्धा वर्ग म्हणत होता की बरं झालं, ट्रॅफिकने जीव नको केला होता, उरलेले म्हणत होते की बसमध्ये बसणाऱ्या हजारो लोकांचा वेळ काढून तुम्ही कारवाल्यांना दिलात. फादरांनी पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रामधला शहरांवरचा भाग वाचला, त्यात सरळ लिहिलंय की एक-दोन माणसं घेऊन फिरणाऱ्या गाड्यांनी शहरं भरतात आणि सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य हवं, आणि लगेच पुढे हेही लिहिलंय की गर्दी, गैरसोय, कमी फेऱ्या, असुरक्षितता यामुळे लोकांना जे सहन करावं लागतं ते सुधारल्याशिवाय हे उपाय कोणी मानणार नाही. माझं मत बसवाल्यांच्या बाजूचं आहे, माझी आई नवलख्याहून आयबसनेच यायची, पण दुसऱ्या बाजूलाही त्यात उत्तर आहे हे मला पटलं. कचऱ्याचा विषय त्याच सत्रात आला, २०२२ चा तो ५५० टनांचा बायो-सीएनजी प्लांट, स्वच्छतेत नंबर वन शहर, आणि मग त्या गाडीवर उभं राहून कचरा घेणाऱ्याला ग्लोव्हज असतात का, त्याची नोकरी पक्की आहे का. पण वेळ संपला आणि ते अर्धवट राहिलं.

पक्षांचं काय? कोणत्याही पक्षाचा माणूस इथे पूर्ण सुखात बसू शकत नाही. गर्भपाताला चर्चचा विरोध आहे, तो लपवत नाहीत, आणि त्याच दमात फाशीलाही आहे, २०१८ मध्ये तसं शिकवणीत स्पष्ट लिहिलं गेलं. युनियनचा हक्क मानतात आणि खासगी मालमत्ताही मानतात. प्रत्येकाला आपल्या विवेकाप्रमाणे धर्म मानायचं स्वातंत्र्य हवं हे चर्चने १९६५ मध्येच म्हटलेलं आहे. लाडली बहना योजनेवर, जी २०२३ मध्ये हजार रुपयांपासून सुरू झाली, छान वाद झाला. एक जण म्हणाला ही खिरापत आहे, आणि एक ताई म्हणाली की माझ्या जावेला लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात स्वतःचे पैसे दिसले. फादरांनी निकाल दिला नाही, त्यांनी विचारलं की हे पैसे हक्क म्हणून मिळतायत की कृपा म्हणून, आणि निवडणूक नसती तरी मिळाले असते का. माझ्या मते हा प्रश्न बरोबर आहे.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही, आपल्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होऊन गेले, वसईत पाणी आणि जमिनीसाठी हरित वसईचं आंदोलन उभं केलं, २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २५ जुलै २०२४ ला गेले. या शिकवणीतलं पाणी-जमिनीचं म्हणणं मैदानात उतरवलेला मराठी माणूस. इथे त्यांचं नावही निघालं नाही, मी फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलंय.

आता कमी काय पडतं. जात. यावर जेमतेम वीस मिनिटं. मजुरीवर दोन रविवार देता आणि मजुरी कोणाला कमी मिळते, गटारीत कोण उतरतं हे विचारत नाही, असं कसं चालेल? चर्चमध्येही भेदभाव होतो हे देशातल्या बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या दलित सक्षमीकरणाच्या धोरणात स्वतः मान्य केलंय, तो कागद समोर ठेवून बोलायला काय हरकत होती. १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही हे सांगितलं गेलं, ते बरोबरच आहे, पण ते सरकारकडे बोट आहे. घरातल्या भेदभावावरही तेवढंच बोला.

दुसरी तक्रार याच्याशीच जोडलेली. १९७१ च्या बिशपांच्या सभेने म्हटलेलं आहे की जो लोकांशी न्यायाबद्दल बोलायला जातो त्याने आधी त्यांच्या नजरेत न्यायी असायला हवं. हे स्लाइडवर होतं. तेव्हा एका शिक्षिकेने उभं राहून विचारलं की मिशनच्या शाळांमध्ये ॲडहॉक शिक्षकांना आणि शिपायांना किती मिळतं, त्यांना हा परिच्छेद लागू होतो का. फादर म्हणाले लागू होतो आणि हा आमच्यासाठी अवघड प्रश्न आहे. मान खाली घालून म्हणाले, टाळलं नाही. पण पुढे काही नाही, आकडे नाहीत, कोण उत्तर देणार ते नाही. ज्या लोकांनी आमच्याकडून कागदावर बाईचा पगार लिहून घेतला त्यांनी स्वतःचाही कागद त्या डब्यात टाकायला हवा होता असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी त्यांना तिथेच बोलले.

टेक्नॉलॉजीचं सत्र घाईत उरकलं. नवे पोप लिओ चौदावे, मे २०२५ ला निवडून आले, त्यांनी हे नाव का घेतलं तर लिओ तेराव्यांनी पहिल्या औद्योगिक क्रांतीला उत्तर दिलं तसं आता एआयच्या काळात माणसाच्या श्रमाचं आणि प्रतिष्ठेचं रक्षण करायची वेळ आहे म्हणून, असं त्यांनी स्वतः कार्डिनल लोकांना सांगितलं. इंदूरमध्ये एवढी आयटीतली पोरं आहेत, सुपर कॉरिडॉरला रोज जातात, हे सत्र तर त्यांना बोलवून पूर्ण दुपारभर करायला हवं.

कोणी करावा: शिक्षक, वकील, सोसायटीचे पदाधिकारी, गणेश मंडळाची तरुण पोरं, ज्याच्याकडे चार माणसं कामाला आहेत असा कोणीही दुकानदार. ज्याला फक्त आपल्या पक्षाला टाळ्या हव्यात त्याचा वेळ जाईल. लॅटिन नावांना घाबरू नका, दुसऱ्या रविवारपर्यंत तोंडात बसतात. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो जातीचं सत्र आणि शाळांच्या पगाराचं उत्तर यासाठी, पुढच्या बॅचला ही दोन्ही सत्रं ठेवली तर मी स्वतः येऊन बसेन आणि आमच्याकडच्या बाईलाही विचारेन की येशील का बोलायला, त्या दिवसाचा पगार धरून.